शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात दिवस-रात्र: दिव्यांचं वेळापत्रक कसं लावायचं

शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यावर साधारण तीन दिवे असतात: उजेडासाठी एलईडी, यूव्हीबी म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी ट्यूब आणि ऊन शेकायला बास्किंग दिवा. बऱ्याच घरांत हे तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणि एकाच टायमरवर असतात. सकाळी सातला सगळे एकदम पेटतात, संध्याकाळी सातला एकदम विझतात. बारा तासांचा हिशोब यात बरोबर बसतो, तरी मांडणी चुकीची आहे. उजेड दिवसभर हवा असतो, ऊन फक्त काही तास, आणि यूव्हीबी अशा वेळी हवा की प्राणी उबदार असेल. तीन दिव्यांची कामं वेगळी आहेत, म्हणून त्यांची घड्याळंही वेगळी लागतात. रात्री मात्र तिन्ही बंद, आणि कुठलाही चौथा दिवा नाही.

बारा तास कुठून आले?

व्हेल्ड शॅमेलिऑन येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला, पँथर मादागास्करचा, जॅक्सन केनिया-टांझानियाच्या डोंगरांतला. तिन्ही उष्ण कटिबंधातले. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपासच राहतो. येमेनच्या अक्षांशावर तो उन्हाळ्यात साधारण तेरा तासांपर्यंत वाढतो आणि हिवाळ्यात सव्वाअकरापर्यंत उतरतो. त्यामुळे १२ तास उजेड आणि १२ तास अंधार हे वेळापत्रक कुठल्याही जातीला, कुठल्याही वयाला चालतं. पिल्लांना जास्त उजेड लागतो हा समज सोडून द्या. पिल्लांना दिवसातून जास्त वेळा खायला लागतं, उजेड तेवढाच.

दिवस १४-१६ तासांवर गेला की पहिल्यांदा झोप कमी होते. प्राणी दुपारीच डोळे मिटायला लागतो आणि मालकाला वाटतं तो आजारी आहे. व्हेल्ड मादीच्या बाबतीत प्रकरण जास्त गंभीर होतं. लांब दिवस, जास्त उष्णता आणि भरपूर खाणं एकत्र आलं की नर जवळ नसतानाही ती मोठ्या संख्येने अंडी धरते. दर वेळी तिच्या शरीरातला कॅल्शियम त्यात जातो.

दिवे कोणते, हे आधी

वेळापत्रक तेव्हाच लागतं जेव्हा तिन्ही दिवे वेगवेगळे चालू-बंद करता येतात. म्हणून उष्णता आणि यूव्हीबी एकत्र देणारा मर्क्युरी व्हेपर बल्ब इथे नको. तो डिमरवर चालत नाही, विझल्यावर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, आणि उष्णता बंद करायची म्हटली की यूव्हीबीही जातो.

६० × ६० × १२० सेंटीमीटरच्या नेहमीच्या मोठ्या पिंजऱ्यासाठी टी५ एचओ प्रकारची (बारीक व्यासाची, जास्त ताकदीची) २४ वॅटची यूव्हीबी ट्यूब, रिफ्लेक्टरसह. ताकद ५.० किंवा ६ टक्के. गुंडाळीच्या आकाराचे छोटे यूव्हीबी बल्ब घेऊ नका. त्यांचा यूव्हीबी एका लहानशा जागेत मिळतो आणि थोड्या अंतरावर जवळजवळ संपतो. उजेडासाठी ६५०० केल्विनची, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाची एलईडी पट्टी किंवा पॅनेल. पिंजऱ्यातली खरी झाडंही याच उजेडावर वाढतात. बास्किंगसाठी ५० ते ७५ वॅटचा साधा इन्कॅन्डेसंट किंवा हॅलोजन फ्लड बल्ब, सिरॅमिक होल्डरमध्ये. प्लास्टिकचा होल्डर उष्णतेने मऊ पडतो. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून मिळणारा महाग बास्किंग बल्ब घेतला नाही तरी चालतं. फ्लड असावा एवढंच बघा, कारण अरुंद झोताचा स्पॉट बल्ब पाठीचा एकच भाग भाजतो.

सुरुवातीची वेळ: खोलीचा सूर्योदय बघा

तुम्ही कितीला उठता यावर सकाळची वेळ ठरवू नका. त्या खोलीत बाहेरचा उजेड कितीला येतो ते आधी पाहा. खिडकीतून सहाला उजेड येतो आणि दिवे नऊला पेटतात असं असेल, तर शॅमेलिऑन सहालाच जागा होतो आणि पुढचे तीन तास थंड अंगाने बसून राहतो. ऊन नाही म्हणून तो हालचाल करत नाही, पाणी पीत नाही. हे रोज झालं तर सकाळी काळपट रंगाचा, सुस्त प्राणी दिसायला लागतो.

दोन उपाय आहेत. एक, एलईडी खोलीतल्या पहाटेच्या आसपास, सहा ते सातच्या दरम्यान चालू करा. दोन, संध्याकाळी घरी उशिरा येत असाल आणि प्राणी जागा असताना बघायचा असेल, तर खिडकीला उजेड रोखणारा जाड पडदा लावा आणि दिवस नऊ ते नऊ ठेवा. पडदा मात्र खरंच काळोख करणारा हवा. दिवे बंद ठेवून खोलीत पाच मिनिटं उभं राहिल्यावर फांद्या स्पष्ट दिसत असतील तर तो पुरेसा नाही.

पायाभूत वेळापत्रक

खोलीचं तापमान दिवसा २२ ते २५ अंश सेल्सियस आणि प्राणी प्रौढ व्हेल्ड किंवा पँथर आहे असं धरून:

६.०० – अंधारातच दोन मिनिटं पाण्याची बारीक फवारणी
७.०० – एलईडी चालू
७.१५ – यूव्हीबी चालू
७.३० – बास्किंग दिवा चालू
८.३० ते ९.३० – खाणं
११.०० – बास्किंग बंद
३.३० ते ४.३० – बास्किंगची दुसरी फेरी, गरज असेल तरच
६.३० – यूव्हीबी बंद
७.०० – एलईडी बंद, पूर्ण अंधार

सकाळी पाव-पाव तासाच्या टप्प्यांनी दिवे लावण्याचा फायदा लगेच दिसतो. एकदम सगळा झगमगाट झाला की झोपलेला प्राणी दचकतो, कधी पकड सोडून खाली येतो. आधी फक्त एलईडी लागला तर तो सावकाश डोळे उघडतो, पानांवरचं पाणी पितो आणि मग वरच्या फांदीकडे निघतो. संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास याहून महत्त्वाचा. उष्णता आणि यूव्हीबी गेल्यावर शॅमेलिऑन झोपायची फांदी शोधतो. बहुधा ती रोजची, टोकाकडची एकच असते. अंधारात त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. सगळे दिवे एका क्षणी गेले तर तो जिथे असेल तिथे अडकतो, आणि पुष्कळदा ती जागा छताच्या जाळीला उलटं लटकलेली असते.

बास्किंग दिवा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. शॅमेलिऑन सकाळी अंग तापवतो, पचनाला लागणारी उष्णता घेतो आणि मग पानांच्या सावलीत जातो. दिवसभर तापलेला दिवा जाळीच्या पिंजऱ्यातली हवा कोरडी करतो, झाडं सुकवतो आणि प्राण्याच्या अंगातलं पाणी काढून घेतो. म्हणून सकाळी तीन-साडेतीन तास, एवढं बहुतेक घरांत पुरतं. खोली दिवसा २० अंशांच्या खाली राहत असेल तर बास्किंग दुपारी चार-पाचपर्यंत चालू ठेवा, पण पिंजऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागात २२-२४ अंशांची थंड जागा आहे याची खात्री करून. खोली २८-२९ अंशांवर असेल तर सकाळचा एक-दीड तास बास्किंग बस झालं. जॅक्सनच्या बाबतीत अशा दिवशी दिवा लावूच नका.

बास्किंग फांदीवरचं तापमान असं ठेवा: प्रौढ व्हेल्ड नर २९ ते ३२ अंश, व्हेल्ड मादी २७ ते २९, पँथर २९ ते ३१, जॅक्सन २६ ते २८, आणि कुठल्याही जातीची पिल्लं २७ च्या आसपास. माप फांदीवर ठेवलेल्या थर्मामीटरने घेऊ नका. प्रौढ प्राणी फांदीवर बसला की त्याची पाठ आणि डोक्यावरचा शिरपेच फांदीपेक्षा सात-आठ सेंटीमीटर वर असतात. डिजिटल थर्मामीटरचा वायरवाला सेन्सर त्या उंचीवर बांधा, दिवा ४५ मिनिटं चालू द्या आणि मग आकडा वाचा. फांदीवर ३० आणि पाठीवर ३७ असं बरेचदा निघतं. शिरपेचावरचा किंवा पाठीच्या कण्यावरचा भाजल्याचा डाग सुरुवातीला पांढरट किंवा फिकट हिरवा दिसतो आणि काही दिवसांत काळा पडतो. तो दिसला की दिवा उचला आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. भाजलेली कातडी आपोआप बरी होईल म्हणून थांबू नका.

दिव्याचं तोंड छताच्या जाळीला टेकवू नका. शॅमेलिऑन जाळीवर उलटा चालतो आणि तापलेल्या तारेवर पाय टाकायला त्याला काही वाटत नाही. दिवा जाळीच्या किमान ५ ते ८ सेंटीमीटर वर टांगा. तापमान कमी-जास्त करायचं तर वॅट बदला, उंची बदला किंवा डिमर लावा. हॅलोजनला थर्मोस्टॅट लावायचा असेल तर तो हळूहळू मंद करणारा, डिमिंग प्रकारचाच हवा. फक्त चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट दिवा दर काही मिनिटांनी लुकलुकवतो. त्यात बल्ब लवकर जातो आणि प्राणी अस्वस्थ राहतो.

यूव्हीबी किती वेळ

कातडीत यूव्हीबी शोषला की आधी ड३ जीवनसत्त्वाचं पूर्वरूप तयार होतं. त्याचं खऱ्या ड३ मध्ये रूपांतर व्हायला अंगाची ऊब लागते. वेळापत्रकात यूव्हीबी आणि बास्किंग सकाळी एकत्र ठेवले आहेत ते यासाठी. ट्यूबला पूर्ण ताकदीवर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून ती बास्किंगच्या आधी लावायची.

बास्किंग फांदीवर, प्राण्याच्या पाठीच्या उंचीला, यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा) ३ च्या आसपास असावा. ६ टक्क्यांची टी५ ट्यूब जाळीवर ठेवली असेल तर पाठ जाळीच्या साधारण २० ते २३ सेंटीमीटर खाली आल्यावर हा आकडा मिळतो. जाळी विणीप्रमाणे यूव्हीबीचा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा अडवते, त्यामुळे अंतराचा नियम आंधळेपणाने वापरू नका. यूव्ही इंडेक्स मोजणारा सोलारमीटर ६.५ हाताशी असेल तर ट्यूब अर्धा तास चालू ठेवून मोजा. मीटर कुणाकडून एक दिवसासाठी मिळवता आला तरी तो खटाटोप करा, कारण डोळ्याला यूव्हीबी दिसत नाही आणि जुनी ट्यूब नव्याइतकीच उजळ दिसते. काच आणि नेहमीचं पारदर्शक प्लास्टिक यूव्हीबी अडवतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही. उलट काचेच्या टाकीवर थेट ऊन पडलं तर आत प्राणी तापून मरू शकतो.

यूव्हीबी दिवसभर ठेवायचा की मधले पाच-सहा तास, यावर पाळणाऱ्यांत मतभेद आहेत. फांदीवर आकडा ३ च्या वर जात नसेल आणि खाली दाट पानांची सावली असेल, तर दिवसभर ठेवणं सोपं आणि सुरक्षित. प्राणी हवा तेवढा घेतो आणि बाजूला होतो. पिंजरा विरळ असेल तर आधी झाडं वाढवा. सावली नसताना तास कमी करणं हा दुय्यम इलाज आहे.

५.० च्या जागी १०.० किंवा १२ टक्क्यांची ट्यूब लावताना अंतर तेच ठेवलं की दोन-चार दिवसांत डोळे सुजणं, दिवसा डोळे मिटून बसणं सुरू होतं. ट्यूब बदलल्यावर असं काही दिसलं तर पहिला संशय ट्यूबवर घ्या.

टायमर

तीन टायमर घ्या, किंवा वेगवेगळी नियंत्रणं असलेला एक मल्टिप्लग. फवारणीच्या पंपाला चौथा. भाराची काळजी फार नाही: ७५ वॅटचा बल्ब, २४ वॅटची ट्यूब आणि ३० वॅटचा एलईडी मिळून १२९ वॅट होतात. १० अँपिअरच्या टायमरला हे काहीच नाही. ट्यूबच्या चोकमुळे आणि एलईडीच्या ड्रायव्हरमुळे चालू होताना क्षणभर मोठा प्रवाह खेचला जातो आणि स्वस्त टायमरचा रिले (आतला स्विच) त्यात चिकटतो. मग वेळ झाली तरी दिवा विझत नाही. टायमरवर एलईडीसाठी वेगळा भार लिहिला असेल तर तो आकडा पाहा.

फिरत्या तबकडीचा, खुंट्यांचा टायमर सगळ्यात सरळ. तबकडीवर ९६ खुंट्या असतात, प्रत्येक १५ मिनिटांची. बहुतेक टायमरमध्ये खुंटी खाली दाबली की चालू. एलईडीसाठी सात ते सात म्हणजे ४८ खुंट्या, बास्किंगच्या साडेसात ते अकरासाठी १४, यूव्हीबीच्या सव्वासात ते साडेसहासाठी ४५. मग तबकडी बाणाच्या दिशेने फिरवून आत्ताची वेळ खुणेसमोर आणा. बाजूला एक छोटी कळ असते. ती घड्याळाच्या चिन्हावर हवी. कायम चालूच्या चिन्हावर राहिली तर खुंट्यांना काही अर्थ उरत नाही. या टायमरचा खरा दोष वीज गेल्यावर कळतो. तबकडी थांबते, आणि दोन तास वीज नसली की पुढचं सगळं वेळापत्रक दोन तास मागे पडतं. दोन-तीन वेळा असं झालं की मध्यरात्रीपर्यंत दिवा जळत राहतो. वीज वारंवार जात असेल तर हा टायमर घेऊ नका, किंवा रोज संध्याकाळी तबकडी तपासा.

डिजिटल टायमरमध्ये आतली बॅटरी वेळ सांभाळते. ती आधी काही तास प्लगमध्ये चार्ज करून घ्या. वेळ २४ तासांच्या पद्धतीत लावा. १२ तासांच्या पद्धतीत दुपार-मध्यरात्रीची गल्लत होते आणि दिवे रात्रभर चालतात. आठवड्याचे सातही दिवस निवडले आहेत का ते बघा, नाहीतर शनिवार-रविवारी पिंजरा अंधारात. घर रिकामं असताना माणसं असल्याचा भास देणारा रँडम मोड असतो, तो बंदच हवा. आणि एक नेहमीची अडचण: सेटिंग झाल्यावर टायमर ‘ऑन’वरून ‘ऑटो’वर नेला, तर बरेच टायमर पुढच्या बंद होण्याच्या वेळेपर्यंत चालूच राहतात, ‘ऑफ’वरून नेला तर पुढच्या चालू होण्यापर्यंत बंद. टायमर बिघडला असं वाटून लोक तो परत करतात, पण त्याची रीतच तशी आहे. आत्ता दिवे चालू असायला हवेत तर ‘ऑन’वरून ‘ऑटो’वर या.

स्मार्ट प्लग सोयीचे, पण वापरण्याआधी दोन चाचण्या करा. राउटर बंद करून पाहा, ठरलेल्या वेळी दिवा पेटतो का. काही प्लग वेळापत्रक स्वतःत साठवतात, काही इंटरनेटवर अवलंबून असतात. दुसरी, वीज घालवून पुन्हा आणा आणि प्लग कुठल्या स्थितीत परत येतो ते पाहा. रात्री दोनला वीज आली आणि बास्किंग दिवा आपोआप पेटला तर सगळी मेहनत वाया. ॲपमध्ये वीज परत आल्यावरची स्थिती ‘बंद’ ठेवा, म्हणजे पुढच्या ठरलेल्या वेळी दिवा लागेल. घड्याळं ऋतूप्रमाणे एक तास पुढे-मागे करणाऱ्या देशांत स्मार्ट प्लग तो बदल आपोआप उचलतो. वेळापत्रक एका झटक्यात सरकू नये म्हणून आधीचे चार दिवस रोज पंधरा मिनिटं हलवा.

प्राणी आणण्यापूर्वी रिकाम्या पिंजऱ्यावर निदान तीन दिवस सगळं चालवून पाहा. तापमान, विझण्याची वेळ, रात्रीचा अंधार यांतल्या चुका तेव्हाच सापडाव्यात.

पाणी आणि वीज जवळजवळ आहेत हे विसरू नका. टायमर आणि बोर्ड पिंजऱ्याच्या वर किंवा बाजूला, फवाऱ्यापासून दूर, जमिनीपासून उंच ठेवा. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. त्या सर्किटवर गळती प्रवाह ओळखून तोडणारा आरसीसीबी असावाच.

रात्र

लाल, निळे, जांभळे, ‘चंद्रप्रकाशा’चे म्हणून विकले जाणारे बल्ब शॅमेलिऑनसाठी वापरू नका. सरड्यांना लाल दिसत नाही असं पाकिटावर लिहिलेलं असतं. शॅमेलिऑनच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या आहेत. आपल्याला दिसतं ते सगळं त्याला दिसतं, वर अतिनील किरणही दिसतात. लाल दिव्याखाली तो रात्रभर अर्धवट जागा राहतो. झोपलेल्या शॅमेलिऑनवर टॉर्च मारला तर त्याचा फिकट रंग थोड्या वेळातच गडद व्हायला लागतो, इतका तो उजेडाला संवेदनशील आहे. रात्री उठून तो कसा झोपलाय हे बघायचा मोह आवरा.

त्याला रात्री ऊबही नको असते. दिवस आणि रात्र यांत ५ ते ८ अंशांचा फरक पडायलाच हवा. व्हेल्ड आणि पँथरला रात्री १८ ते २० अंश छान, जॅक्सनला १० ते १५. रात्री गारवा मिळाला नाही तर प्राण्याला खरी विश्रांती मिळत नाही; डोंगरातल्या जातींना हे सगळ्यात जास्त बाधतं. खोली व्हेल्ड-पँथरसाठी १३-१४ अंशांच्या खाली जात असेल, किंवा लहान पिल्लांसाठी १८ च्या खाली, तरच उष्णता द्या. ती सिरॅमिक हीट एमिटरने, जो उजेड देत नाही, आणि थर्मोस्टॅटवर. हा एमिटर दिवसाच्या दिव्यांच्या टायमरवर जोडू नका, कारण गरज असते नेमकी तेव्हाच तो बंद पडेल.

मग राहतो बाहेरून येणारा उजेड: रस्त्यावरचा दिवा, टीव्ही, पिंजऱ्यासमोर चालणारा मोबाइल, राउटरचे आणि स्मार्ट प्लगचे बारीक दिवे. बारीक दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावा. खोलीत रात्री उशिरापर्यंत माणसं वावरत असतील तर पिंजऱ्याच्या तीन बाजू आणि पुढचा भाग जाड कापडाने झाका. वरची जाळी उघडी ठेवा, हवा खेळायला हवी. दिवे विझल्यावर अर्ध्या तासाने कापड टाका आणि सकाळी एलईडी लागण्याच्या आधी काढा. बास्किंग दिव्याजवळ कापड येणार नाही याची खात्री करा. हे रोज जमणार नसेल तर पिंजरा झोपायच्या खोलीत हलवणं बरं.

फवारणी आणि फॉगर

आर्द्रतेचं घड्याळ दिव्यांच्या उलट चालतं. निसर्गात रात्री हवा गार आणि ओली, दुपारी उबदार आणि कोरडी. म्हणून मुख्य फवारणी दिवे लागण्याआधी करा, म्हणजे प्राणी जागा होताच पानांवर दव असेल. फवाऱ्याचं तोंड झोपायच्या फांदीवर रोखलेलं नको. दुसरी फवारणी दिवे गेल्यावर तासाभराने. फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, लावत असाल तर रात्री एक ते पाच, आणि तोही पिंजरा २० अंशांच्या खाली उतरत असेल तरच. गरम आणि ओलसर हवा रात्रंदिवस कोंडून राहिली की श्वसनमार्गाचा संसर्ग होतो: तोंड उघडं ठेवून वर मान करून बसणं, तोंडाशी बुडबुडे, श्वासाचा आवाज. दिवसा पिंजरा पूर्ण कोरडा व्हायला हवा.

खाणं शेवटच्या उन्हाच्या आधी

किडे पचायला उष्णता लागते. संध्याकाळी सहाला पोटभर खाऊन सातला थंड झालेल्या प्राण्याच्या पोटात अन्न तसंच पडून राहतं. सकाळी, बास्किंग सुरू झाल्यावर तासा-दोन तासांनी खायला द्या. दिवसातून अनेकदा खाणाऱ्या पिल्लांनाही शेवटचं खाणं दिवे विझण्याच्या तीन तास आधी. उरलेले किडे काढून टाका; रात्री अंधारात मोकळे फिरणारे झुरळ-नाकतोडे झोपलेल्या शॅमेलिऑनला चावतात.

वेळापत्रक चुकतंय हे कसं ओळखायचं

दिवे विझायच्या वीस मिनिटं-अर्धा तास आधी प्राणी फिकट पडून शेपूट गुंडाळतो, हे ठीक आहे. त्याला घड्याळ पाठ झालेलं असतं. दोन-तीन तास आधीच झोपत असेल तर आधी पाहा की सकाळी त्याला उजेड किती लवकर मिळतो. तिथे गडबड नसेल आणि दिवसा मधूनच डोळे मिटत असतील, तर दिव्यांशी खेळत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. दिवसा डोळे मिटणारा शॅमेलिऑन बहुधा आजारी असतो.

सकाळी दिवे लागून दोन तास झाले तरी अंग काळपट आणि एक कूस दिव्याकडे वळवून चपटी केलेली: त्याला ऊब पुरत नाही. अतिशय फिकट रंग, तोंड उघडं आणि दिव्यापासून लांब खाली बसलेला: जास्त तापलाय. पूर्ण दिवस बास्किंग फांदीवरून हलतच नाही: खालचा भाग फार थंड आहे किंवा पिंजऱ्यात लपायला पानं नाहीत. दिवसभर पानांत दडून राहतो आणि वर येतच नाही: फांदी दिव्याच्या फार जवळ असेल किंवा समोरून माणसांची ये-जा जास्त असेल. एक बदल करा आणि चार-पाच दिवस थांबा. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

वेळा सरकवताना आणि ऋतू दाखवताना

वेळापत्रक पुढे-मागे न्यायचं तर रोज १५ मिनिटं, घाई असेल तर ३० पर्यंत. नवा प्राणी आला तर आधीच्या मालकाला त्याच्या दिव्यांच्या वेळा विचारा, पहिला आठवडा त्याच ठेवा आणि मग तुमच्या वेळेकडे सरकवा.

व्हेल्डला ऋतूंचा फरक दाखवायचा असेल तर हिवाळ्यात ११ आणि उन्हाळ्यात १३ तास, आठवड्याला १५ मिनिटांच्या बदलाने. एका वर्षाच्या आतल्या प्राण्याला याची गरज नाही. जॅक्सनला वर्षभर बारा तासच द्या.

वीज गेली तर

दिवसा काही तास वीज नसणं हे संकट नाही. खोलीचा उजेड मिळू द्या आणि वीज येईपर्यंत खायला देऊ नका. एक-दोन दिवस यूव्हीबी नसला तरी हाडांवर परिणाम होत नाही. संध्याकाळी वीज परत आली तर ‘राहिलेले तास’ भरून काढायला दिवे उशिरापर्यंत जाळू नका, नेहमीच्या वेळीच विझवा. त्यानंतर टायमरची वेळ तपासा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही दिवे आपापल्या वेळी लागतायत का ते प्रत्यक्ष उभं राहून पाहा.

यूव्हीबी ट्यूबच्या टोकाला ती लावल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. टी५ असेल तर १२ महिन्यांनी, जुन्या जाड टी८ प्रकारची असेल तर ६ महिन्यांनी बदला, उजेड कितीही चांगला दिसत असला तरी. नवी ट्यूब लावल्यावर फांदीचं अंतर पुन्हा मोजा आणि पहिले तीन-चार दिवस प्राण्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा.